पाखरीचं घराणं

कंधारपासून जळकोटपर्यंत आणि खाली देगलूरच्या बाजूला कुणाच्या दारात चांगलं कारवानी कुत्रं दिसलं, की लोक त्याचं नाव विचारत नाहीत, घराणं विचारतात. 'हे कुणाचं?' याचा अर्थ मालक कोण असा नसतो. हे रक्त कुणाच्या घरून निघालं, असा असतो. त्यातलं एक घराणं पांढुरक्या अंगाचं, काळ्या नाकाचं, लांब मानेचं. त्याला 'डॉक्टरांचं घराणं' म्हणतात. तो डॉक्टर मी. जनावरांचा. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी अजून कुणी अनोळखी माणूस कुत्रं घेऊन दाराशी येतो आणि म्हणतो, "साहेब, तुमच्या घराण्याचं हाय, जरा हात फिरवा." मी हात फिरवतो. चहा होतो. तो खूश होऊन जातो आणि मी दिवसभर घरात कुणाशी नीट बोलत नाही.

ते घराणं माझं नाही. मी ते संपवत आणलं होतं. वाचवलं दुसऱ्यांनी आणि नाव लागलं माझं. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा असं संपादकांनी सांगितलं. गमती आहेत, त्या ओघात येतील. पण लिहायला बसलो तो हे एकदा सांगून टाकावं म्हणून.

निजामाचं राज्य संपायच्या आधीची ती थोडी वर्षं. हैदराबादेत सलोत्रीचं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीचं, शिक्षण संपवून मी कंधारच्या बाजूच्या एका कसब्यात नोकरीवर रुजू झालो. गावाचं नाव देत नाही, तिथे त्या माणसांची नातवंडं नांदत आहेत. दवाखान्यावर उर्दूत पाटी होती, शिफाखाना हैवानात. गाव त्याला ढोरदवाखाना म्हणायचं आणि मला सलोत्री साब. आमचं घर नांदेडचं, वडील शाळामास्तर. मुलगा जनावरांचा डॉक्टर झाला याचं आईला शेवटपर्यंत काही कौतुक वाटलं नाही. सुट्टीत घरी गेलो की ती आधी अंघोळीचं पाणी काढायची आणि मग कसा आहेस म्हणून विचारायची.

काम बहुतेक बैलांचं. बुळकांड्याची साथ आली की महिना महिना गावोगाव टोचत फिरायचं. उरलेल्या वेळात टांग्यांची घोडी, गढीवरच्या जहागीरदारांच्या म्हशी, आणि कुत्री. कुत्र्यांचं मला कुणी फारसं शिकवलंच नव्हतं. पुस्तकात घोडा सगळ्यात मोठा, त्याखाली गाय, आणि कुत्रं अगदी शेवटच्या पानांत.

दवाखान्याच्या फाटकाशी एक जुनं लिंबाचं झाड होतं. त्याखाली मकबूलभाई नालबंद बसायचा. बैलाला चौघांनी दोर लावून आडवा पाडायचा आणि हा गप्पा मारत मारत खुरांना पत्री ठोकायचा. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. दुनियेतली कुठलीही गोष्ट त्याला माहीत नाही असं नव्हतं, आणि त्यातली निम्मी चुकीची असायची. घोड्याच्या पोटशुळावर तो जे औषध सांगायचा, त्यानं घोडा मेला नाही तर ती घोड्याची कमाई. पण माणूस असा, की तो नसला तर दवाखाना ओस वाटे.

त्याच्या ऐरणीशेजारी वाळूच्या ढिगावर एक कुत्री पडलेली असायची. पाखरी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हिला जंत झालेत. पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, कमरेची हाडं वर.

"मकबूलभाई, हिला खायला देता की नाही?"

"साब, हरिण देखा है कभी? उसकू कोई पूछता है क्या, खाना खाया नै करके?"

लिंबाखाली बैल पाडणारे चौघे हसले. मीही हसलो. पुढे आठवडी बाजारातून परतताना माळावर मी तिला सशामागे सुटलेली पाहिली, तेव्हा मला शिक्षणात काय राहिलं होतं ते कळलं. ती पळत नव्हती. जमीन मागे ढकलत होती. वासावर जाणारं कुत्रं नाक खाली घालून जातं. हे डोळ्यांवर जातं. मान लांब, तोंड निमुळतं, छाती खोल. नजरेला ससा लागला की मालकाची हाकसुद्धा त्याला ऐकू येत नाही.

या कुत्र्याचा इतिहास मला तीन जणांनी तीन प्रकारे सांगितला. जहागीरदार म्हणायचे, हा ताजी जातीचा कुत्रा, इराणहून बादशाही फौजेबरोबर दख्खनेत उतरला, आमच्याच पूर्वजांच्या तंबूत. तांड्यावरचा म्हातारा नाईक म्हणायचा, आमचे बैल मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या घेऊन देशभर फिरायचे, तेव्हा राखणीला हीच कुत्री, कारवानातली म्हणून कारवानी. मकबूलभाईचं म्हणणं, त्याच्या खापरपणज्यानं काबूलहून एक जोडी घोड्याच्या खोगिरात घालून आणली. खोगिरात जोडी कशी बसली, असं मी विचारलं तर म्हणाला, "तब घोडे बडे होते थे." खरं काय ते कुणी सांगू शकत नाही. व्यापारी, फौजा, घोड्यांचे सौदागर अशा कुणाकुणाबरोबर ही जात वायव्येकडून आली असावी आणि आमच्या उघड्या माळांवर, ज्वारीच्या भाकरीवर, पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत अशी झाली असावी. एवढं मात्र मी पाहिलं, की ती सांभाळली जहागीरदारांनी कमी आणि धनगर, लमाण, नालबंद अशा लोकांनी जास्त.

सांभाळायची रीत साधी होती, पण चुकवून चालत नसे. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, कधी आंबील, शिकार मिळाली तर त्यातला वाटा. चरबी वाढू द्यायची नाही. निजायला वाळू नाहीतर गोधडी, कारण हाडांवर मांस नसल्यानं फरशीवर कोपरं सोलतात. धावून आलं की लगेच पाणी दाखवायचं नाही, आधी मांड्या चोळायच्या. बांधून ठेवलेलं कारवानी महिन्याभरात मनानं मरतं. जहागीरदारांच्या बेगमसाहेबांनी एका कुत्र्याला मलिदा चारून चारून असं केलं होतं, की त्याला दाखवायला आणलं तेव्हा दमणीतून चौघांनी उतरवलं. मी मलिदा बंद करायला सांगितला. निरोप आला, कुत्रं राहील, सलोत्री बदलून मिळेल. मी मलिदा निम्मा करायला सांगितला.

आणखी एक गोष्ट, आणि पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिकारीच्या कारवानीला गळ्यात पट्टा घालत नाहीत. बोरीबाभळीच्या जाळ्यांतून ते वाऱ्यासारखं घुसतं. पट्टा फांदीत अडकला तर तिथेच फास. म्हणून रुमालाची एक लांब पट्टी गळ्याभोवती नुसती ओवून दोन्ही टोकं हातात धरायची आणि ससा उठला की एक टोक सोडायचं. कुत्रं मोकळं. हौसेनं पाळणाऱ्यांची कुत्री पट्ट्यात, कष्टानं पाळणाऱ्यांची मोकळ्या गळ्यानं.

दुसरी रीत पिल्लांची. कारवानीचं पिल्लू विकत नसत. चार लोकांत शब्द देऊन द्यायचं. घेणाऱ्यानं पुढे कधीतरी आपल्या कुत्रीच्या वेतातलं एक पिल्लू परत करायचं. त्याला परतीचं पिल्लू म्हणत. मकबूलभाईच्या घरची पिल्लं अशी कुठे कुठे गेली होती. लमाणाच्या तांड्यावर, जळकोटकडच्या एका धनगराकडे, देगलूरच्या पलीकडे ताडी उतरवणाऱ्या एका तेलुगू माणसाकडे. परतीची पिल्लं तो मागत नसे. "रहने दो, बँक में हैं," म्हणायचा.

एकदा पाखरी बाभळीच्या ओंडक्यावर आदळली आणि मांडी हातभर उसवली. या कुत्र्यांची कातडी पातळ, कागदासारखी फाटते. भुलीचं औषध अंगात चरबी नसल्यानं त्यांना सोसत नाही. माझ्या आधीच्या सलोत्र्याच्या हातून एक असंच टेबलावर गेलं होतं. म्हणून मी तिला भूल न देता शिवलं. मकबूलभाई तिचं डोकं मांडीवर घेऊन कानात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं दुआ म्हणतोय. नंतर विचारलं, तर म्हणाला, "दुआ कायकू? मेरी सास की बुराई सुना रहा था. उसकू पसंद है." तेव्हापासून आम्ही मित्र झालो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाजारच्या दिवशी एक पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. पाच-सहा माणसांना चावलं. त्या काळी सुया घ्यायला हैदराबादेला जावं लागे. एक बाई गेली नाही, आणि ती कशी मेली ते गावानं पाहिलं. लोक पोरांना घराबाहेर सोडेनात. तहसीलदारांनी मला बोलावलं. कुत्री मारायचा हुकूम काढायचा होता आणि कोणती मारायची ते सलोत्र्यानं सांगायचं होतं.

तहसीलदार म्हणाले, "सगळी मारा म्हटलं तर गढीवरून बोलावणं येईल. मग मला जावं लागेल, किंवा तुम्हाला."

मी म्हणालो, "गळ्यात पट्टा असेल ती सोडावीत. बाकीची मोकाट समजावीत."

हे वाक्य माझं. इतकं नेमकं, इतकं सोयीचं, की तहसीलदारांनी लगेच पेशकाराला हुकूम लिहायला बोलावलं. त्या क्षणी मला पाखरी आठवली नव्हती का? इतकी वर्षं मी स्वतःला विचारतो आहे. तिचा मोकळा गळा मी रोज जातायेता पाहत होतो. आठवली नाही असं म्हणायला मला आवडेल. पण गढीवरचा तो मलिद्यावर वाढलेला कुत्रा मला लगेच आठवला होता, हे पक्कं.

दवंडी पिटली. पहिल्यांदा उर्दूत, मग मराठीत. लिंबाखालचा हातोडा थांबला. मकबूलभाई तसाच काळ्या हातांनी आत आला.

"साब, ये दवंडी में पट्टा किसने डाला?"

"हुकूम तहसीलचा आहे."

"तहसीलदार साब कू पट्टा और घोडे की लगाम एकच दिखती. पूछ रहा हूँ, डाला किसने?"

मी म्हणालो, "थोडे दिवस पाखरीला घाला ना एक पट्टा. चामडं तुमच्याकडे आहेच."

पाखरी गावात नव्हती. लांडग्यांचा उपद्रव वाढला म्हणून तिला चारच दिवसांपूर्वी जळकोटच्या वाटेवर मल्हारी धनगराच्या वाड्यावर पाठवलं होतं. मकबूलभाई तिथल्या तिथे पट्टा शिवायला बसला आणि तो घेऊन तट्टावर निघाला.

कुत्री मारायला बाहेरून माणसं आणली होती. गुळाच्या गोळ्यांत कुचल्याचं विषारी सत्त्व घालून त्या पेरायच्या. घोड्यांना ताकदीसाठी थोडं थोडं देतात म्हणून कुचला दवाखान्यात असायचा. तो मीच तोलून दिला. हुकूम गावापुरता होता, पण त्या माणसांना जेवढी कुत्री तेवढा मेहनताना. ती गावाबाहेर पडली, माळावर गेली, तांड्यावर गेली. पट्टा नसलेलं कुत्रं म्हणजे मोकाट, असं त्यांना साक्षात सलोत्र्यानंच सांगितलेलं होतं.

मकबूलभाई पोचला तेव्हा पाखरी वाड्याच्या कुंपणाशी पडली होती. मल्हारी धनगरानं मला हे नंतर सांगितलं. "मी तिला मेंढराचं दूध पाजलं, तेल पाजलं, सायेब. न्हाई जमलं. नालबंद आला, बसला, आन् पट्टा तिच्या गळ्यात घातला. मी म्हनलो, आता कशाला? तर म्हने, हुकूम हाय." शिकारीची कुत्री त्या भागातून जवळपास गेलीच. उरली ती गढीवरची, पट्ट्यातली, आणि त्यांतल्या एकालाही ससा गाठता येत नव्हता.

मकबूलभाई दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसला. काम करायचा, बोलायचा नाही. तो गप्प बसलेला पाहून बैलसुद्धा बिचकायचे. मीही बोललो नाही. काय बोलायचं ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच बोललो नाही.

मग एक दिवस ऐरणीवर पोतं टाकून तो निघून गेला. सासरवाडीला गेला असं कुणी म्हणे, कुणी म्हणे वेडा झाला. पावसाळा लागला, पिकं गुडघ्याला आली, तेव्हा तो परत आला. वाळलेला, पाय फुटलेले. तट्टाच्या दोन्ही बाजूंना दोन टोपल्या, वर फडकी बांधलेली. त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण मला कळलं तो कुठे गेला होता. बँकेत.

शब्द देऊन दिलेली पिल्लं जिथे जिथे गेली होती, तिथे तिथे तो परतीचं पिल्लू मागायला गेला होता. बहुतेक ठिकाणी काही उरलं नव्हतं. एका ठिकाणी होतं, पण माणूस शब्द विसरला होता. शेवटी देगलूरपलीकडच्या ताडीवाल्यानं एक कुत्री-पिल्लू दिलं, ते पाखरीच्या बहिणीच्या पोटचं. आणि दूरच्या एका तांड्यावर नर मिळाला. नाईकाच्या सुनेनं तो देताना मकबूलभाईला जेवू घातलं आणि म्हणाली, आम्हीच आणून द्यायला हवं होतं.

पण गावात बाहेरून कुत्रं आणायला मनाई होती. रोग परत येऊ नये म्हणून ती अटही माझ्याच सल्ल्यानं घातलेली, आणि ती तेवढी बरोबर होती. पिल्लं ठेवायची कुठे? मकबूलभाईचं घर दोन खोल्यांचं. बाहेरची त्याची, आतली पडद्याची. शिकारी कुत्रा पाळायला त्यांच्यात हरकत नाही, पण घराबाहेर. आत कुत्रं आलं तर नमाजाची जागा राहत नाही. त्याच्या बायकोनं पाखरीला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. तिनं ती पिल्लं आतल्या खोलीत घेतली. स्वतः नमाजासाठी शेजारणीच्या घरी जायची, दिवसातून पाच वेळा, भर पावसात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

कुणीतरी चुगली केली. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन मकबूलभाईच्या दारात उभे राहिले आणि मलाही बोलावणं आलं. पडद्याच्या आत पुरुषांना जाता येत नाही. अमीनसाहेब बाहेर उभे. आतून कुईकुई ऐकू येत होती.

"आत काय आहे?"

मकबूलभाई काही बोलायच्या आत पडद्यामागून त्याच्या बायकोचा आवाज आला. "बच्चे हैं."

"बच्चे भुंकतात?"

"बाप पर गये हैं."

शिपायांनी तोंडं फिरवली. अमीनसाहेबांच्या मिशाही हलल्या, पण ते हुकमाचे माणूस. त्यांनी मकबूलभाईला विचारलं, कुणाच्या परवानगीनं? तेव्हा मकबूलभाईनं कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि बोट केलं.

"सलोत्री साब का हुकूम है. सरकारी नस्ल है. गाँव में रखके देखना है, बीमारी आती क्या नै आती. साब कू पूछो."

अमीनसाहेब माझ्याकडे वळले. मी नाही म्हणालो असतो तर पिल्लं त्याच दिवशी गेली असती, मकबूलभाई चावडीत गेला असता, आणि माझ्या नोकरीला धक्का लागला नसता. मी "हो" म्हणालो. पिल्लं तपासतो म्हणून मागितली, पडद्याखालून दोन हातांनी ती बाहेर सरकवली, मी डोळे पाहिले, दात पाहिले आणि निरोगी आहेत असं सांगितलं. त्या संबंध प्रकरणात माझं जे काही चांगलं म्हणायचं, ते एवढंच.

वाईट गोष्ट चांगल्या गोष्टीच्या पोटी कशी जन्मते पाहा. अमीनसाहेबांनी तहसीलदारांना सांगितलं, तहसीलदारांनी वर कळवलं, की आमचे सलोत्री दख्खनी शिकारी कुत्र्याची जात राखत आहेत. पाहणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांना कुत्र्यांचा शौक होता. ते पिल्लं बघून इतके खूश झाले, की मला चार लोकांत शाबासकी मिळाली आणि पुढे बढती झाली. मकबूलभाई तेव्हा पिल्लं धरून मागे उभा होता. साहेबांनी त्याला माझा नोकर समजून पाणी आणायला सांगितलं. त्यानं आणलं.

संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "उद्या मी साहेबांना तुमचं नाव सांगतो."

"नक्को साब. मेरा नाम गया तो कुत्ते बी गये. नालबंद के घर में कुत्ता रहा तो दंड, सलोत्री का रहा तो नस्ल. आपका नाम रहने दो. कुंपण समझके रहने दो."

मला ते पटलं. फार लवकर पटलं.

वर्ष-दीड वर्षानं त्या जोडीला पहिलं वेत झालं. त्यातलं एक पिल्लू मकबूलभाईनं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी घेईना. म्हणालो, "मकबूलभाई, पाखरी माझ्यामुळे गेली. पट्टा मीच घातला त्या हुकमात."

"मालूम है."

"मग?"

"तिची मांडी बी तुम्हीच शिवली व्हती," तो मराठीत आला. चिडला किंवा हळवा झाला की तो मराठीत येई. "मी हिशेब ठेवत न्हाई साब. हिशेब माझी बायको ठेवते. तिनंच पाठवलंय, ठेवा."

बाकीची पिल्लं पुन्हा शब्दावर गेली. मल्हारी धनगराकडे, तांड्यावर, कंधारात एका वाण्याकडे. देणारा मकबूलभाई, पण दाखवायचं नाव माझं, म्हणून 'सलोत्री साबाचं कुत्रं'. राज्य बदललं, मी सलोत्रीचा डॉक्टर झालो, कुत्रीही डॉक्टरांची झाली. राज्य बदलताना आमच्या भागात जे दिवस आले त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. एवढंच, की मकबूलभाईनं ऐरण विकली आणि बायको-मुलीला घेऊन हैदराबादेला गेला. मी तेव्हा दौऱ्यावर होतो. परत आलो तर लिंबाखाली वाळू होती आणि तीवर माझीच कुत्री झोपली होती. कुंपण घालायची गरज तेव्हाच संपली होती. नाव मात्र मी काढलं नाही. कुणी विचारलं तर हसायचो. लोक त्याला नम्रपणा म्हणायचे.

मागच्या वर्षी मल्हारीचा नातू भेटायला आला, बरोबर पांढुरकी कुत्री. मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "डॉक्टरसायेब, तुमचं म्हननं खरं आसंल. पर आता चार तालुक्यांत त्येच नाव हाय. मी एकटा काय बदलू? तुमी लिव्हा." जाताना पायरीवरून वळून त्यानं विचारलं, "मंग त्या नालबंदाला परतीचं पिल्लू गेलं का कंदी?"

मी शोध घेतला. मकबूलभाई हैदराबादेतच वारला, बायकोही पाठोपाठ. मुलगी जैनबबी देगलूरला दिलेली, आता ती स्वतःच आजी झालेली. तिच्या घरी गेलो. दारात शेळी बांधलेली, आत शिवणयंत्र. मी कोण ते सांगितल्यावर तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला, आणि मी बोलत असताना कापड शिवत राहिली. सगळं सांगून झालं. म्हणालो, "तुमच्या घरचं एक परतीचं पिल्लू माझ्याकडे राहिलंय. चांगलं बघून आणून देतो."

"मैं कहाँ दौडाऊँ उसकू? मेरेसे ये बकरी नै संभलती."

"मग मी हे छापतो. घराण्याला तुमच्या वडिलांचं नाव लागलं पाहिजे."

यंत्र थांबलं. ती म्हणाली, "लिवा. पण मकबूल नालबंद असं नका लिवू, त्या नावाचे लई झाले. पूरा लिवा. मकबूल अहमद वल्द शेख चाँद."

मी लिहून घेतलं. उठलो. ती म्हणाली, "बस?"

काय राहिलं ते न कळून मी परत खुर्चीवर टेकलो.

"पिल्लं तीन महिने आत कुनाच्या खोलीत होती? आंबील कोन करायचं? अब्बा तर लिंबाखाली गप्पा मारत बसायचे. अम्मीनं त्यांच्यापायी घरात नमाज पढला नाय. डोळ्यावर झोप घेऊन दूध पाजायची कापसाच्या बोळ्यानं. मी बघितलंय." मग तिनं सरळच विचारलं, "साब, अम्मीचं नाव काय, सांगा बरं."

मला सांगता येईना. मी त्यांच्या दारात कितीदा गेलो होतो. पडद्यामागून चहा आला होता, पानाचे विडे आले होते, तो आवाज आला होता, ती पिल्लं दोन हातांनी बाहेर आली होती. नाव मी कधी विचारलं नव्हतं, आणि आमच्याकडे विचारतही नसत. या लेखाचा पहिला खर्डा मी देगलूरला जाण्याआधीच करून ठेवला होता. चूक दुरुस्त करायला निघालेल्या त्या खर्ड्यातही ती बाई नुसती 'त्याची बायको' होती.

जैनबबीनं नाव सांगितलं आणि मी नीट लिहितोय ना, हे पाहायला पुढे वाकली. तिला मराठी वाचता येत नाही, तरी पाहत राहिली.

तेव्हा कंधार, जळकोट, देगलूर भागात ज्यांच्या दारात पांढुरक्या अंगाचं, काळ्या नाकाचं कारवानी आहे, त्यांना माझी विनंती आहे. घराणं कुणाचं असं कुणी विचारलं तर डॉक्टरांचं म्हणू नका. खैरुन्निसा बी यांचं म्हणा.